ऑफरोड बाइकचा कोर्स : चाळिशीनंतर पहिल्यांदा करावा का?

बावधनकर
नमस्कार मंडळी.
माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाइक आहे. कोकण, हंपी, गोवा असे बरेच प्रवास झालेत, एकटीनेही आणि ग्रुपबरोबरही. डांबरावर मला कशाची भीती वाटत नाही. पण डांबर संपून मुरूम किंवा सुटी खडी लागली की खांदे आखडतात, हँडल गच्च धरलं जातं आणि दोन्ही पाय आपोआप खाली येतात.

पुढच्या वर्षी स्पितीला जायचंय. मनालीच्या बाजूने गेलं तर ग्रांफूपासून बातलपर्यंत दगडगोटे आणि मधे मधे रस्त्यावरून वाहणारे नाले. तिथे पाय टेकत टेकत जायचं नाही, हे मी ठरवलंय. म्हणून मुळशी रस्त्याला एका मैदानावर दोन दिवसांचा पहिल्या पातळीचा ऑफरोड कोर्स असतो, त्याला नाव घालायचा विचार आहे.

वय ४४. डावा गुडघा जिने चढताना कधीमधी कुरकुरतो. नवरा म्हणतो बिनधास्त जा, सासूबाई म्हणतात हाडं मोडून घेशील. विचारायचं ते असं : स्वतःची गाडी न्यावी की त्यांची हलकी गाडी भाड्याने घ्यावी? बूट, गार्ड वगैरे आधीच विकत घ्यावेत का? आणि मुख्य म्हणजे दोन दिवसांत खरंच काही हाताला लागतं का? ज्यांनी केलाय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

मुरूममाती
ताई, नक्की करा. सविस्तर लिहितो, कारण पहिल्या दिवशी काय होतं हे आधी माहीत असलं तर धास्ती निम्मी होते.

पहिल्या दिवशी वेगाचा काही संबंधच नसतो. सुरुवात गाडी बंद ठेवूनच होते. गाडीभोवती फिरायचं, एका हाताने तोलून धरायची, तिचं वजन कुठे सरकतं ते समजून घ्यायचं. मग मुद्दाम आडवी करायची आणि उचलायची. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा आणि गिअर टाकायचा, म्हणजे ती घरंगळत नाही. हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या रॅकला, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे छोटी पावलं टाकत जायचं. यात ताकदीपेक्षा पद्धत महत्त्वाची. आमच्या बॅचमध्ये एक बारीक चणीची मुलगी होती, तिने हिमालयन उचलली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर उभं राहणं. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, चवड्यांनी उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी हलकी धरायची, कोपरं बाहेर आणि वर, नजर लांब. बसल्यावर प्रत्येक दणका कण्यातून डोक्यापर्यंत जातो. उभं राहिल्यावर तो घोटे आणि गुडघे पचवतात, आणि गाडीला खाली हवं तसं डोलायला मोकळीक मिळते. तुमचे खांदे आखडतात म्हणालात ना, त्याचं मूळ बहुतेक इथे आहे. मांड्यांनी गाडी धरली नाही की सगळं धरण्याचं काम हातांवर येतं.

मग अर्धा क्लच. शंकू मांडून चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढायचा. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) किंचित उघडा आणि एका जागी स्थिर, वेग कमीजास्त करायचा तो क्लचच्या दोन बोटांनी, तोल सावरायला मागचा ब्रेक. वळताना गाडी आत झुकवायची आणि अंग बाहेर ठेवायचं, वजन बाहेरच्या पेगवर. घाटात आपण अंगही वळणाच्या आत झुकवतो, त्यामुळे सुरुवातीला मेंदू गोंधळतो. जेवणाआधी जमायला लागतं.

दुपारी ब्रेक. मागचं चाक मुद्दाम लॉक करून गाडी घसरवायची, म्हणजे घसरण ही काय चीज आहे ते अंगाला कळतं आणि तिची दहशत जाते. मग पुढचा ब्रेक, मातीत, एका बोटाने, हळूहळू दाब वाढवत. पुढचा ब्रेक मातीत लावायचाच नाही असं अनेकांच्या डोक्यात पक्कं असतं. तो लावता येतो, फक्त झटका द्यायचा नाही आणि हँडल वळलेलं असताना लावायचा नाही.

चढ, उतार, ओंडका, चर हे दुसऱ्या दिवशी.

गाडीबद्दल : पहिल्या कोर्सला हलकी घ्या. हीरोची एक्सपल्स २०० साधारण १५८ किलोची, तुमची हिमालयन २०० च्या जवळ. गाडी दिवसभर उचलायची असेल तर हे चाळीस किलो फार असतात.

पेठेतला
वाचनखूण साठवली. दोन दिवस उभं राहून गाडी चालवल्यावर सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना मांड्या कुठे असतात त्याचा नीट पत्ता लागतो. रविवारी परत येताना भुगावात मिसळीला थांबलो तर आमची अख्खी बॅच टेबलाभोवती उभी. वेटर म्हणाला, साहेब खुर्च्या आहेत. आम्ही म्हटलं, असू देत. :)

जुनी_येझदी
मुरूममाती यांचा प्रतिसाद छान आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो.

आम्ही येझदी आणि राजदूत घेऊन पानशेत, वेल्हे, राजगडाच्या पायथ्यापर्यंत जायचो. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. कुणी शंकू मांडले नव्हते. चालवत चालवत शिकलो, पडलो, उठलो. गाडी ही किलोमीटर घातल्यावरच कळते. दोन दिवसांच्या फीमध्ये किती पेट्रोल येईल याचा हिशोब करा आणि तेवढं पेट्रोल कच्च्या रस्त्यांवर घाला, असा माझा सल्ला आहे. शिकवणीची सवय लागली की माणूस शिकवणारा सोबत नसताना बुजतो.

फिजिओथेरपिस्ट_कर्वेनगर
काका, तुमचं 'पडलो, उठलो' वाचून माझ्यातला फिजिओ जागा झाला. आमच्याकडे येणाऱ्या बाइकवाल्यांत घोटा, मनगट आणि गळ्याजवळचं हाड, म्हणजे कॉलर बोन, यांच्या दुखापती पुन्हा पुन्हा दिसतात. घोट्याचं कारण बहुतेक एकच : गाडी जायला लागली की पाय खाली टाकून तिला थांबवायची प्रतिक्षिप्त क्रिया. दीडशे-दोनशे किलो वजन आणि खाली एक घोटा. मनगट मोडतं ते हात पुढे करून पडल्यामुळे. या दोन्ही सवयी मोडायला सुरक्षित जागा, कमी वेग आणि बाजूला उभा राहून सांगणारा माणूस लागतो.

बावधनकर, तुमच्या गुडघ्याचं : आधी एकदा दाखवून घ्या. जिने चढताना कुरकुर म्हणजे बऱ्याचदा मांडीच्या पुढच्या स्नायूत ताकद कमी पडते, पण तपासल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. कोर्सला महिनाभर असेल तर रोज भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसायचा व्यायाम आणि एका पायावर उभं राहायचा सराव करा. उभं राहून गाडी चालवणं म्हणजे दिवसभर अर्धवट उठाबशा काढणं आहे.

दुसरं, मे महिना आहे. हेल्मेट, चेस्ट गार्ड, गुडघा-कोपर गार्ड, जाड बूट घालून उन्हात घाम प्रचंड जातो. नुसतं पाणी पिऊ नका. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस बाटलीत भरून न्या आणि तहान लागायची वाट बघू नका. दुपारनंतर होणाऱ्या पडापडीत थकवा हे मोठं कारण असतं.

वेल्हेकर
काका पानशेत-वेल्ह्याचं बोलले म्हणून लिहितो. मी वेल्ह्याचाच. आमचे वडील एम-८० वर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून रोज पहाटे डेअरीवर जायचे. पावसाळ्यात त्या वाटेवर चालताना माणूस घसरतो, तिथून ते दूध न सांडता गाडी न्यायचे. कोर्स वगैरे ऐकूनही माहीत नव्हता. म्हणजे काकांचं खरं आहे.

पण ते एकाच वाटेवर रोज जात होते. कुठला दगड हलतो, कुठे शेवाळ धरतं हे पाठ होतं. सोयरिकीला दुसऱ्या खोऱ्यात गेले की तेच वडील फार जपून चालवायचे. आणि ओल्या उतारावर एकदा गाडीखाली पाय आला, पायात चप्पल होती, घोटा मोडला. ऐन लावणीत ते खाटेवर आणि आम्ही शेतात. तेव्हा चांगले बूट असते तर काय झालं असतं हे आम्ही घरी अजून बोलतो.

मी दोन वर्षांपूर्वी कोर्स केला. तिथे शिकवणारे म्हणाले, हँडल सैल धरा, पुढचं चाक आपली वाट शोधतं. वडील लहानपणी हेच सांगायचे : कासरा धरावा तसं हँडल धर, ओढून धरला की बैल बिथरतो. वडिलांना जे अंगाने येत होतं ते मला कारणासकट कळलं. ताई, तुम्ही स्पितीला जाणार, तिथली वाट तुमच्या पाठ नाही. कोर्स करा.

जुनी_येझदी
वेल्हेकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. अनोळखी वाटेचा मुद्दा बिनतोड आहे. तरी माझं एक म्हणणं कायम : दोन दिवसांनंतर जो सराव करणार नाही त्याच्या हातात काही उरणार नाही. कोर्सची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत.

मुरूममाती
काका, यावर शंभर टक्के सहमत.

अर्धा_क्लच
गाडीची तयारी कुणी लिहिली नाही. माझं गॅरेज आहे, रोजचं काम आहे, म्हणून लिहितो. ताईंनी स्वतःची ४११ नेलीच तर :

आरसे काढा, पॅनिअर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) काढा, टॉप बॉक्स काढा. फूटपेगवरचं रबर काढा, खालचे दाते बुटाला धरतात. हँडलबार किंचित पुढे फिरवा आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर खाली झुकवा, उभं राहिल्यावर मनगट सरळ रेषेत आलं पाहिजे. बसून आरामदायक वाटणारी सेटिंग उभं राहिल्यावर मनगट मोडते. लिव्हरचे क्लॅम्प करकचून आवळू नका. पडल्यावर लिव्हर जागेवर फिरला तर वाचतो, घट्ट असला तर तुटतो. तरी एक जादा क्लच लिव्हर सोबत ठेवा.

टायरची हवा मैदानावर कमी करायची, २० पीएसआयच्या आसपास. टायर पसरतो, मातीला जास्त धरतो. पण ४११ ला ट्यूब आहे. हवा फार उतरवली आणि दगडावर जोरात आदळली तर ट्यूब टायर आणि रिमच्या मधे चेपते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. परत येताना डांबरावर चढायच्या आधी हवा भरून घ्या, कमी हवेवर चांदणी चौकाच्या वळणावर गाडी तरंगते.

बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण निकषांचं) मॉडेल असेल तर मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंद करायचं बटण आहे. मातीच्या उतारावर एबीएस चालू असला की मागचं चाक ब्रेक सोडत-धरत राहतं आणि गाडी थांबायला लांबते. पुढचा चालूच राहतो, राहू द्या.

आणि क्लच प्लेट. दिवसभर अर्ध्या क्लचवर काम आहे. जळका वास आला की लाज न बाळगता बाजूला घेऊन दहा मिनिटं थंड होऊ द्या.

सिंहगड_रोड_२००४
दादा, मी कॉलेजला आहे, माझ्याकडे पल्सर १५० आहे. तिच्यावर हा कोर्स करता येईल का? नवीन गाडी घरून मिळणार नाही.

अर्धा_क्लच
उभं राहणं, अर्धा क्लच, ब्रेक, आठचा आकडा हे सगळं पल्सरवर शिकता येतं. ओंडका आणि खोल चर सोडून दे, सायलेन्सर आणि इंजिनचा तळ खाली आहे. पावसात काळ्या मातीत नेऊ नकोस. पुढचा मडगार्ड चाकाला चिकटून असतो, त्यात माती भरली की चाक फिरतच नाही. ऑफरोड गाड्यांचा मडगार्ड उंच असतो तो त्याचसाठी.

टिटवी
मी गाडी चालवत नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचतेय आणि एक कळकळीची विनंती आहे.

कोर्स झाल्यावर सराव कुठे करणार? पुण्यात बऱ्याच जणांना पहिली आठवते ती टेकडी. वेताळ टेकडीवर, पाषाणच्या मागे, कात्रजच्या डोंगरउतारांवर बाइकच्या चाकांनी पडलेल्या घळी दिसतात. पहिल्या पावसात त्याच घळींतून पाणी धावतं, माती वाहून जाते आणि दरवर्षी घळ खोल होते. सकाळी तिथे म्हातारी माणसं, लहान मुलं फिरत असतात. यातला बराच भाग वनखात्याचा आहे.

दुसरी जागा म्हणजे सासवड, जेजुरी, सुपे, दौंडकडचे माळ. ते ओसाड दिसतात म्हणून वाटतं इथे कुणाचं काय बिघडतंय. ते गवताळ प्रदेश आहेत. लांडगे तिथे राहतात, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे. टिटवी, माळटिटवी, चंडोल हे पक्षी घरटं जमिनीवरच करतात. टिटवीची अंडी खड्यांच्या रंगाची असतात, चालणाऱ्या माणसालाही पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, गाडीवरून तर मुळीच दिसणार नाहीत. आणि त्यांचा अंडी घालायचा काळ हाच आहे, उन्हाळा.

तुम्हाला हा छंद मनापासून आवडतो हे प्रतिसादांतून दिसतं. म्हणूनच सांगावंसं वाटलं.

कॅम्पातला
टिटवीताई, म्हणजे आम्ही फक्त पैसे भरून मैदानातच फिरायचं? गावोगावचे कच्चे रस्ते आहेत की. गुरं तिथूनच जातात, ट्रॅक्टर तिथूनच जातात. बाइकवाल्यांनाच का धरायचं?

टिटवी
जो रस्ता आहे, तिथून बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, तिथून तुम्हीही जा. माझं म्हणणं आहे ते रस्ता सोडून माळावर आणि टेकडीच्या उतारावर गाडी घालण्याबद्दल.

मुरूममाती
टिटवीताईंशी सहमत, आणि हे कोर्समध्ये शिकवलं जायला हवं असं मी संस्थेला लेखी कळवलंही आहे. कॅम्पातला, सरावासाठी मैदान तासांवर मिळतं, त्याचे कोर्सइतके पैसे पडत नाहीत. आम्ही चार-पाच जण मिळून एका शेतकऱ्याच्या पडीक खाचरात त्याची परवानगी घेऊन शंकू मांडतो. अर्ध्या एकरात आठचा आकडा, ब्रेक, गाडी उचलणं सगळं होतं. खरा सराव तोच आहे, डोंगर लागत नाही.

बालेवाडी_हाय
थोडं विषयांतर. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची शर्यत झाली तेव्हा स्टेडियममध्ये होतो. मातीचे ढिगारे, त्यावरून उडणाऱ्या गाड्या, सगळं स्टेडियम उभं. तेव्हापासून मुलगा मागे लागलाय. या कोर्समध्ये तसलं उडवणं शिकवतात का?

अर्धा_क्लच
नाही. सुपरक्रॉस म्हणजे बांधलेला ट्रॅक, हलकी शर्यतीची गाडी आणि उड्या. इथे शिकवतात ते आपल्या नंबरप्लेटच्या गाडीवर खराब वाटेने न पडता जाणं. मुलाचं वय काय? लहान मुलांच्या छोट्या गाड्यांचं ट्रेनिंग वेगळं असतं, ते शोधा. पूर्ण गार्ड आणि नेक ब्रेस असल्याशिवाय बसवू नका.

बावधनकर
विषयांतर असलं तरी मला बोलायचंय! बंगळुरूच्या सी. एस. संतोषने २०१५ मध्ये डकार रॅली ही कच्च्या वाटांवरची कित्येक दिवसांची शर्यत पूर्ण केली, तसं करणारा तो पहिला भारतीय. २०२४ ला हरिथ नोहाने तिथे रॅली-२ गट जिंकला. आणि ऐश्वर्या पिसेने २०१९ मध्ये बाहा, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या छोट्या रॅलींच्या, विश्वचषकात महिलांचा किताब घेतला, ती बातमी मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली होती आणि त्यानंतरच हिमालयन घ्यायचं माझं पक्कं झालं.

बुकिंग केलंय. जूनचा पहिला शनिवार-रविवार. गाडी त्यांची, एक्सपल्स. बूट आणि गार्ड भाड्याने, हेल्मेट माझं.

कागदपत्रे_तपासा
अभिनंदन. एक कोरडी पण कामाची गोष्ट. गाडीच्या विम्याच्या पॉलिसीवर वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्यात संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल असे वापर वगळलेले असतात. ट्रेनिंग म्हणजे शर्यत नव्हे, पण स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी आपल्या कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावं. आरोग्य विम्यात साहसी खेळांचं जे प्रमाणित कलम असतं ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे, हौशी माणसाला ते आपोआप लागू होत नाही. अपघात विमा वेगळा घेतला असेल तर त्याच्या अटी वेगळ्या, त्या वाचा. आणि संस्था सही घेते तो कागद सही करायच्या आधी पूर्ण वाचा. जवळचं हॉस्पिटल कोणतं आणि तिथे न्यायला मैदानावर गाडी उभी असते का, हे विचारायला संकोच करू नका.

बावधनकर
मंडळी, कोर्स झाला! आज मंगळवार, मांड्या ठणकतायत, मन भरून आलंय.

शनिवारी कोरडा मुरूम होता, रात्री वळवाचा पाऊस पडला आणि रविवारी चिखल. म्हणजे दोन्ही मिळालं. बॅचमध्ये सगळ्या वयाचे लोक होते, साठीचे एक गृहस्थ निवृत्तीनंतर पहिल्यांदा मोठी गाडी शिकत होते.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नजरेचा. शिकवणाऱ्या सरांनी एक दगड मधोमध ठेवला आणि सांगितलं, त्याच्याकडे बघत चालवा. गाडी बरोबर त्याच्यावर गेली. मग म्हणाले, आता पलीकडच्या झाडाकडे बघा. दगड बाजूने निघून गेला, मला कळलंही नाही. डांबरावर इतकी वर्षं हे माहीत होतं, पण मातीत भीती वाटली की नजर पुढच्या चाकाखाली जाते हे तिथे पहिल्यांदा लक्षात आलं.

पाय खाली टाकायची सवय मोडायला सरांनी वेगळाच उपाय केला. अगदी संथ शर्यत, सगळ्यात शेवटी पोहोचेल तो जिंकणार, पाय टेकला की बाद. ती आमच्यातल्या साठीच्या काकांनी जिंकली! फिजिओताई, तुमचे व्यायाम केले होते, गुडघ्याने तक्रार केली नाही. सरबताची बाटली अख्ख्या बॅचने संपवली.

पडलेही, चिखलात. बूट आणि गार्डमुळे एक ओरखडा नाही. बूट भाड्याचे होते ते बरं झालं, माझ्या मापाचे शोधताना कळलं की एक आकडा मोठे घेतले तर गिअरखाली पंजा जात नाही.

एक गोष्ट मात्र अजून नीट कळली नाही. चढावर मधेच गाडी बंद पडली की पुढचा ब्रेक दाबूनही मागे सरकते. सरांनी करून दाखवलं, पण तेव्हा घाबरले होते, डोक्यात शिरलं नाही. कुणी लिहाल का?

मुरूममाती
वा! वाचून फार आनंद झाला.

चढावर वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं. पुढचं चाक हलकं, त्यामुळे ते लॉक झालं तरी मातीवरून घसरत मागे येतं. म्हणून बंद पडली की क्लच दाबायचा नाही. इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्ये असली की मागचं चाकच ब्रेकचं काम करतं. तसं धरून आधी श्वास घ्या, दोन्ही पाय रोवा, वरच्या बाजूचा पाय पक्का. मग क्लच अगदी थोडा थोडा सोडत-धरत, पुढचा ब्रेक जोडीला घेऊन, गाडी मागे घ्यायची आणि हँडल वळवत आडवी करायची. उताराला आडवी झाली की वरच्या बाजूला उतरायचं, खालच्या बाजूला कधीच नाही. मग तोंड खाली करून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून उतरायचं. तीव्र चढावर परत तिथूनच चढायचा हट्ट करू नका, खाली येऊन पुन्हा जोर घेऊन चढा.

काझा_मार्गे
बावधनकर, स्पितीचं म्हणून सांगतो. तिथल्या नाल्यांना वितळणाऱ्या बर्फाचं पाणी असतं. सकाळी लवकर कमी, ऊन चढलं की वाढत जातं, दुपारी सगळ्यात जास्त. त्यामुळे तो टप्पा पहाटे सुरू करा. नाल्याशी आधी थांबा, दुसरी गाडी कुठून जाते ते बघा. पहिल्या गिअरमध्ये, उभं राहून, थ्रॉटल एकसारखा ठेवून, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे बघितलं की आपणच वाहत चाललोय असं वाटतं आणि तोल जातो. मधेच बंद पडली आणि एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं असेल असं वाटलं तर स्टार्टर मारू नका. बाहेर ढकला, स्पार्क प्लग काढा, पाणी बाहेर येऊ द्या, मगच. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

जुनी_येझदी
बावधनकर, मनापासून अभिनंदन. ते साठीचे गृहस्थ कोण, त्यांना माझ्यातर्फे शाबासकी द्या. पुढची बॅच कधी आहे तेही विचारून ठेवा. माझ्यासाठी.

वेल्हेकर
काका, या! आणि ताई, सरावाला आमच्याकडे यायचं असेल तर आनंदाने या, घरी जेवायलाच या. फक्त जून-जुलैमध्ये लावणी चालू असते. खाचरांचे बांध ओले असतात, त्यावरून गाडी गेली की बांध फुटतो आणि पाणी निघून जातं. सड्यावर, बांधावर गाडी घालू नका, रस्ता विचारून या. भात काढून झालं की दिवाळीनंतर आमचं खाचर मोकळं असतं, तिथे हवे तेवढे शंकू मांडा.

बावधनकर
वेल्हेकर, मग दिवाळीनंतरचा पहिला रविवार पक्का. काका, पुढची बॅच ऑक्टोबरच्या शेवटी आहे, पावसाळ्यात मैदान बंद असतं. मी दुसऱ्या पातळीला तेव्हाच जाणार, आता स्वतःच्या हिमालयनवर. अजून कोण येतंय? चार जण झाले तर फीमध्ये सवलत आहे म्हणाले.

सिंहगड_रोड_२००४
मी येतो ताई. पैसे साठवतोय. पल्सरच आणणार.

अर्धा_क्लच
ये. त्याआधी गाडी मला दाखवून जा, चेन आणि ब्रेक पॅड बघून ठेवतो, लिव्हर फिरवून देतो. रविवार सोडून कधीही, दुपारी चारनंतर. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.